संगीत नटांची कारकीर्द आणि त्यांच्या जोड्या : नोंद नेमकी कशी ठेवायची?

सुरंगी

दापोलीपासून बांद्यापर्यंत संगीत नाटक जीव लावून ऐकणारी माणसं आजही गावोगाव आहेत. रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह असो की मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह, नांदी सुरू झाली की पहिल्या रांगेतल्या ओठांवर शब्द असतात. नटांची माहिती मात्र विखुरलेली आहे. हा त्या कंपनीत होता, ती त्याच्यासमोर उभी राहायची, अमुक ऑर्गनवर असायचे, असं सगळं ऐकीव. ती नीट नोंदवण्याची पद्धत ठरवावी म्हणून हा धागा.

माझं मत आधी मांडते. गायक नटाची कारकीर्द एकट्यानं वाचता येत नाही. समोर कोण उभं होतं, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, यावर त्यानं काय आणि किती गायलं हे ठरतं. म्हणून नटामागे एक पान ही पद्धत मला चुकीची वाटते. प्रयोगामागे एक ओळ करावी. रकाने असे: तारीख आणि वार, गाव व नाट्यगृह, नाटक, कंपनी, कोणती भूमिका कोणी केली (सगळ्या गाणाऱ्या भूमिका), ऑर्गन, तबला, इतर साथ, पट्टी (गाण्याचा आधारसूर), पुरावा. एका नटाच्या नावानं चाळलं की कारकीर्द दिसते, दोन नावं एकत्र चाळली की जोडी दिसते. नटामागे पान केलं की समोरचा माणूस हमखास गळतो.

पुराव्याचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. हस्तपत्रक, वर्तमानपत्रातली जाहिरात, ध्वनिमुद्रण की नुसती आठवण, ते तिथं लिहायचं. 'नेहमी तेच करायचे' हे वाक्य पुरावा म्हणून धरू नये. नेहमी म्हणजे बहुतेक वेळा पाहिलेले दोन-तीन प्रयोग असतात.

काळी दोन

अनुमोदन. सुरुवातीलाच नावांचा घोळ निस्तरून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

गंधर्व ही पदवी. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे. सवाई गंधर्वही काही काळ रंगभूमीवर होते, आणि कुमार गंधर्व संगीत नाटकाचे नट नव्हेत. पत्रकावर नुसतं 'गंधर्व' असेल तर कंपनीचं नाव पाहिल्याशिवाय ओळ भरू नका.

कोल्हटकर दोन. भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीतले, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळातले. चिंतामणराव कोल्हटकर बलवंत संगीत मंडळीतले. नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणखी वेगळे. पेंढारकरांत बापूराव वडील आणि भालचंद्र मुलगा. दोघांनीही ललितकलादर्श ही नाटक कंपनी चालवली, त्यामुळे नुसतं 'पेंढारकर, ललितकलादर्श' लिहिलं तर काळ कळत नाही.

'मास्टर' सुद्धा आडनावाशिवाय लिहू नये. मास्टर दीनानाथ मंगेशकर वेगळे, मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर वेगळे.

पडघम

जोडी म्हटली की आपण मैत्री म्हणतो, आणि मैत्री या शब्दाचे चार वेगळे अर्थ एकाच टोपलीत टाकतो. नोंद करताना ते सुटे ठेवावेत.

पहिला भागीदारीचा. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली ती बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांची. १९१८ ची बलवंत संगीत मंडळी दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांची. भागीदारीत पैसा असतो, कर्ज असतं, म्हणून ती तुटते. टेंबे गंधर्व मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. भागीदारी संपल्याची तारीख हीच मैत्री संपल्याची तारीख असं लिहू नये. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

दुसरा गुरुबंधूंचा. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, बालगंधर्वांनाही बुवांची तालीम. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला चाली बुवांच्या. पुढे मास्टर कृष्णराव गंधर्व मंडळीत चाली देतात तेव्हा ती नेमणूक एका घराण्यातल्या घरात झालेली असते. आणखी एक पिढी खाली या: राम मराठे हे मास्टर कृष्णरावांचे शिष्य. 'मंदारमाला'तला त्यांचा गळा ऐकताना ही साखळी कानाला लागते.

तिसरा रंगमंचावरच्या जोडीचा. 'एकच प्याला'त सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, सुधाकराच्या भूमिकेत बोडस. बोडस गाणारे नट म्हणून गाजले नाहीत, तरी या जोडीशिवाय गंधर्वांच्या त्या काळाची नोंद अपुरी राहते. गाणारा आणि न गाणारा यांची जोडी आपल्या तक्त्यात हमखास सुटते. म्हणून सुरंगी यांनी 'गाणाऱ्या भूमिका' लिहिलं आहे तिथं मी 'सगळ्या मुख्य भूमिका' करा असं सुचवेन.

चौथा साथीचा. थिरकवाँ तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असताना गंधर्वांचं पद एका नटाचं उरत नाही, तिघांचं होतं. जाहिरातीत साथीदारांची नावं ज्या वर्षापासून ठळक दिसू लागतात ती जागा खूण करून ठेवावी.

रत्नदुर्ग

छान चाललंय. एक शंका : 'मानापमान'च्या पहिल्या संचात धैर्यधर टेंबेच होते ना?

पडघम

नाही. १२ मार्च १९११ ला मुंबईत किर्लोस्कर मंडळीनं पहिला प्रयोग केला तेव्हा भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर बोडस आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. टेंबे संगीत दिग्दर्शक. जोगळेकरांच्या निधनानंतर, गंधर्व मंडळीत, टेंबे स्वतः धैर्यधर म्हणून उभे राहिले. चाली ज्यानं बांधल्या त्यानंच त्या मंचावर गायच्या, हे विरळा. पण ही दुसरी ओळ आहे, पहिली नव्हे. प्रयोगामागे ओळ केली की असे गैरसमज आपोआप सुटतात.

खाडीपट्टा

संयुक्त 'मानापमान' विसरू नका. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन कंपन्यांचे चाहते एकमेकांशी भांडत होते आणि नट एका मंचावर उभे होते. मैत्रीचा याहून मोठा पुरावा कोणता?

काळी दोन

पुरावा आहे, पण कशाचा ते पाहावं लागेल. संयुक्त प्रयोग एका कारणासाठी, एका रात्रीपुरता असतो. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले, त्यामुळे ही जोडी पुढे काय झाली असती ते कळायला मार्गच उरला नाही. तक्त्यात 'संयुक्त' अशी खूण स्वतंत्र करा. ती नसली तर केशवराव गंधर्व मंडळीत गेले असा अर्थ उद्या कोणीतरी काढेल. ललितकलादर्श त्यांनी १९०८ साली हुबळीत काढली आणि ती शेवटपर्यंत त्यांचीच होती.

तरीही खाडीपट्टा यांचं म्हणणं मला भावलं. दोन मोठे गळे एकमेकांना वाट देत गायले, ही गोष्ट नोंदीच्या रकान्यात मावत नाही. ती शेऱ्यात तरी लिहावीच.

आंबोली घाट

कोकणाचा एक दुवा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. गवई रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातले. केशवरावांच्या पश्चात ललितकलादर्श सांभाळणारे बापूराव पेंढारकर बुवांकडे शिकले, पुढे भालचंद्र पेंढारकरही. दीनानाथांनाही बुवांची तालीम मिळाली, आणि १९३१ च्या 'संन्यस्त खड्ग'ला चाली बुवांच्या, प्रयोग बलवंत मंडळीचा. नाटक लिहिलं सावरकरांनी, ते रत्नागिरीत स्थानबद्ध असताना. 'शतजन्म शोधिताना' ऐकताना एवढं ध्यानात ठेवावं की शब्द रत्नागिरीचे, चाल सावंतवाडीच्या माणसाची आणि गळा गोव्यातल्या मंगेशीच्या दीनानाथांचा आहे.

दोन वेगळ्या कंपन्यांतल्या नटांच्या तानेची ठेवण सारखी का वाटते, याचं उत्तर बहुतेक वेळा मधल्या गवयात असतं. म्हणून 'तालीम कोणाची' हा रकाना हवाच.

तसंच मामा वरेरकर. जन्म चिपळूणचा, नोकरी टपाल खात्यात. 'हाच मुलाचा बाप' ललितकलादर्शनं केलं, केशवरावांनंतर १९२२ ला 'सत्तेचे गुलाम' बापूरावांनी. नाटककार आणि कंपनी यांचं नातं मालक बदलल्यावरही टिकलं, हीसुद्धा मैत्रीचीच नोंद.

जुनी पाटी

सगळ्यात जास्त चुका पत्रकाच्या तारखेत होतात. कारण साधं आहे : हस्तपत्रकावर वर्ष छापत नसत. 'रविवार ता. १२ मार्च रोजी रात्रौ ठीक ९ वाजता' एवढंच. पत्रक चार दिवस चालायचं, वर्षाची गरज कोणाला?

वर्ष काढण्याची रीत अशी.

वार आणि तारीख जुळवा. १२ मार्चला रविवार १९११, १९१६, १९२२, १९३३ आणि १९३९ ला येतो. मधलं अंतर ५, ६ किंवा ११ वर्षांचं असतं, त्यामुळे उमेदवार चार-पाचच उरतात. मग कंपनी पाहा. 'किर्लोस्कर नाटक मंडळी' आणि त्यात बालगंधर्वांचं नाव असेल तर १९१३ च्या आधीचं, म्हणजे १९११. अट एकच, वार छापील असला पाहिजे. नुसत्या तिथीवरून काढायचं तर पंचांग लागतं आणि अधिक महिन्यात घोटाळा होतो.

तिकिटाचे दर पाहा. आणे असतील तर बहुधा १९५७ च्या एप्रिलपूर्वीचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. इथं एक सावधगिरी : दशमान पद्धत आल्यावरही खेडोपाडी काही वर्षं आण्यांत बोलणं आणि क्वचित छापणंही चालू होतं. एकट्या दरावर निकाल देऊ नका.

पत्ता पाहा. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला यांच्यापुढे 'जि. रत्नागिरी' असेल तर १ मे १९८१ च्या आधीचं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. 'सावंतवाडी संस्थान' असेल तर स्वातंत्र्याच्या आसपासचं किंवा आधीचं.

लेखन पाहा. 'नाटकांत', 'येथें', 'करणें' असे अनुस्वार भरपूर असतील तर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं. छापखानदार वयस्क असला तर पुढेही दहा वर्षं तेच चालू राहतं, म्हणून हा पुरावा दुय्यम.

यांतले किमान तीन जुळले तर वर्ष पेन्सिलीनं लिहा. दोनच जुळले तर दशक लिहा. एकच जुळला तर जागा मोकळी ठेवा.

पत्रकातल्या नावांचा क्रमही वाचायला शिका. सगळ्यात मोठ्या टायपातलं नाव प्रमुख नटाचं असतंच असं नाही. गावच्या मंडळानं बाहेरचा गायक नट बोलावला असेल तर पाहुण्याचं नाव मोठं, आणि बाकी संच 'सहकलाकार' म्हणून एका ओळीत. त्या एका ओळीतली माणसं पुढच्या दहा पत्रकांत पुन्हा पुन्हा दिसतात. जोड्या तिथंच सापडतात.

सुरंगी

जुनी पाटी, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवण्यासारखा आहे. 'वर्ष कसं काढलं' असा उपरकाना करते.

मांडावरचो

बरां केलात ह्यो धागो काढलात. पण दशावताराशिवाय कोकणातली संगीत रंगभूमी पुरी व्हायची नाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून पुढे प्रमाण मराठीत.

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात कथा सांगितली जाते, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद मंचावर उभे राहून रचले जातात. साथ हार्मोनियम किंवा पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग संकासुर आणि विष्णू. त्यानंतर आख्यान, पहाटे दहीकाला. पदांच्या चाली बऱ्याच वेळा संगीत नाटकाच्याच. म्हणून सिंधुदुर्गातल्या कितीतरी कानांवर सौभद्राच्या काळाच्या चाली जत्रेतून पोचल्या.

आता नोंदीचं. संहिता नसल्यामुळे समोरच्या नटावर जेवढं इथं अवलंबून असतं तेवढं लिखित नाटकात नसतं. राजपार्ट करणारा पद कुठं सोडणार हे स्त्रीपार्ट करणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, नाहीतर पेटीवाला सूर धरून बसतो आणि प्रसंग लोंबकळतो. हे कळणं बरोबर केलेल्या रात्रींवरून येतं. त्यामुळे दशावतारात जोडी नोंदवताना 'कोणता प्रसंग' हाही रकाना हवा. दोघं वीस आख्यानांत एकत्र असतील, पण समोरासमोरचा मोठा प्रसंग चारच आख्यानांत येतो.

काय चुकतं ते सांगतो. एक, हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे इंग्रजी वर्ष मध्येच बदलतं. '२०१९ ला अमुक कंपनीत' असं लिहिलं की कुठला हंगाम ते कळत नाही. '२०१९-२०' असंच लिहा. दोन, प्रयोग मध्यरात्रीनंतर सुरू होतो, म्हणजे तारीख उलटलेली असते. जत्रेची तारीख लिहायची की उलटलेली, ते एकदा ठरवा. जत्रेची तिथी मूळ धरावी असं माझं मत, कारण ठरावीक देवळाच्या जत्रेचा मान पुष्कळदा ठरावीक कंपनीकडे असतो आणि तो तिथीवर असतो. तीन, 'संयुक्त दशावतार'. वेगवेगळ्या कंपन्यांचे निवडक नट एका रात्रीसाठी एकत्र येतात. काळी दोन यांनी मानापमानाबद्दल सांगितलं तेच इथं लागू. संयुक्तच्या ओळी वेगळ्या रंगात ठेवल्या नाहीत तर एकाच नटाच्या एका महिन्यात चार कंपन्या दिसतील.

आणि पेटीवाला, पखवाजवाला यांची नावं घ्या हो. जाहिरातीत ती असतात, पण कापून ठेवताना लोक नटांच्या फोटोपुरतं कापतात.

पडघम

'प्रसंग' हा रकाना संगीत नाटकालाही लावता येईल. 'मंदारमाला' (१९६३) घ्या. 'जय शंकरा गंगाधरा' ही राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची जुगलबंदी. दोघं नाटकभर समोरासमोर नसतात, पण लोक त्या एका प्रसंगासाठी तिकीट काढत. जुगलबंदीत एकानं तान आवरती घेतली तरच दुसऱ्याची उठते. दोघांनी एकमेकांना जागा करून देण्यावर ती उभी होती.

१९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त प्रसाद सावकारच सदाशिव. खाँसाहेब वसंतराव देशपांडे, पंडितजी भार्गवराम आचरेकर, झरीना फैयाज. चार वर्षांच्या अंतरानं एकाच नटाच्या दोन ओळी शेजारी ठेवा : आधी बरोबरीच्या गायकासमोर, मग ज्याच्याकडून विद्या मिळवायची त्या खाँसाहेबासमोर. गळा तोच, पण गाण्याचं वजन कुठं टाकायचं ते बदललं. कारकीर्द वाचायची ती अशी.

खाडीपट्टा

गोव्याकडची जोडणीही घ्या. १९६४ चं 'मत्स्यगंधा' गोवा हिंदु असोसिएशनचं. संगीत जितेंद्र अभिषेकी, मंगेशीचे. पराशर रामदास कामत, म्हापशाचे. सत्यवती आशालता वाबगावकर, त्याही गोव्याच्या. अभिषेकींनी गळा पाहून चाल बांधली हे 'गुंतता हृदय हे' आणि 'गर्द सभोती' शेजारी ठेवून ऐकलं की लगेच उमगतं. संगीतकार आणि नट यांच्यातला विश्वास हा जोडीचा पाचवा प्रकार म्हणून पडघम यांच्या यादीत घाला.

रीळ

ध्वनिमुद्रणांबद्दल. हा पुरावा सगळ्यात पक्का वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो.

हिंदुस्थानात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण १९०२ ला कलकत्त्यात सुरू झालं. भाऊराव कोल्हटकर १९०१ ला गेले. त्यांच्या नावानं कुणी आवाज पाठवला तर तो दुसऱ्याचा आहे, पुढे पाठवू नका.

तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. मंचावर वन्समोअर घेऊन पंधरा मिनिटं चालणारं पद तिथं कापून गायलेलं असतं. 'रेकॉर्डवर अंतरा नाही म्हणजे नट तो गातच नसे' हा निष्कर्ष चुकीचा. तबकडीवरची साथही नाटकातलीच असेल असं नाही.

पट्टीचा प्रश्न मोठा. ७८ ची तबकडी दर वेळी मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेली नसे. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की पट्टी अर्ध्या सुरानं सरकते. म्हणजे पेटीवरच्या काळी एकचं गाणं सुमारे ८२.७ फेऱ्यांनी वाजवलं तर तिच्या शेजारच्या पांढरी दोनचं ऐकू येतं, आणि आवाज कोवळा, तान चपळ वाटते. मग आपण लिहितो, 'तरुणपणी पट्टी उंच होती.' त्याच दिवशीची, त्याच साथीची दुसरी बाजू वाजवून पाहा. दोन्ही बाजूंना स्वर पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी पडत असेल तर वेगावर संशय घ्या. पट्टीच्या रकान्यात 'तबकडीवरून' आणि 'प्रयोगावरून' असे दोन भाग हवेत.

सुईचंही पाहा. ७८ ला सुमारे ७० ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची सुई त्याच्या चौथाईइतकी बारीक असते, ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी ऐकू येते. आवाज वाईट म्हणून तबकडी टाकून देण्यापूर्वी सुई बदला.

धुण्याची चूक कायमची. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला की खाच गेली. साधं गार पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं ठेवून. लगेच टिपून सावलीत उभी वाळवा. कॅसेटचं उलट: टेपच्या हेडला आयसोप्रोपिल चालतं, पण टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सुरंगी

आणि कागद? आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पत्रकं टिकवायची कशी?

जुनी पाटी

लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटलेलं परत सुटत नाही आणि आत अडकलेली ओल कागद पिवळा करते. चिकटपट्टीही नको, दहा वर्षांत तिचा तपकिरी डाग अक्षरात उतरतो. फाटलेलं पत्रक तसंच पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीचं पाकीट घेऊ नका, ते शाईला चिकटतं.

लाकडी कपाट पावसाळ्यात ओल धरतं आणि कसर लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा बरा. २५-३० लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत, कागदाला न टेकवता. निळं जेल गुलाबी झालं की भरलं. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवलं की परत निळं होतं. खाण्याच्या भांड्यात तापवू नका आणि निळे दाणे हातानं चिवडू नका, त्यांत कोबाल्ट असतं. डबा भरायचा दिवस मार्च-एप्रिलमधला निवडा. जुलैत भरलात तर जुलैची हवाच आत बंद होते. डांबराच्या गोळ्या कीड थांबवतात, ओल नाही, आणि त्यांचा वास श्वासाला वाईट.

फोटो काढताना कागद सपाट, उजेड दोन्ही बाजूंनी, मोबाइल कागदाला समांतर. स्कॅन असेल तर मजकुराला ३०० आणि छायाचित्राला ६०० डीपीआय. फाइलच्या नावात तारीख (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस), गाव, नाटक, कंपनी याच क्रमानं, म्हणजे आपोआप कालानुक्रम लागतो.

हातखंबा फाटा

आजच्या नटांचं कसं? ते तर डोळ्यांसमोर आहेत, आणि त्यांचीच नोंद सगळ्यात कमी होते.

राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे निकाल दर वर्षी सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून येतात. गायनाच्या रौप्यपदकात नट आणि नाटक दोन्ही छापलेलं असतं. ते कापून ठेवा, पण फक्त निकाल ठेवला तर हरलेले संच गळतात. स्पर्धेचं वेळापत्रकही ठेवा. रत्नागिरीत 'खल्वायन'सारखी संस्था संगीत नाटकं करत आली आहे. अशा हौशी संस्थांत नट नोकरी सांभाळून असतात, बदली झाली की संच मोडतो. साथीदार मात्र तेच राहतात, कधी एकाच स्पर्धेत दोन-तीन संस्थांना तीच ऑर्गन-तबल्याची जोडी असते. हौशी रंगभूमीचा नकाशा साथीदारांवरून काढला तर लवकर पुरा होतो.

व्यावसायिक नाटकात रिप्लेसमेंटकडे लक्ष द्या. २०१० ला 'कट्यार' पुन्हा आलं तेव्हा खाँसाहेब राहुल देशपांडे, सदाशिव महेश काळे. आजोबांची भूमिका नातवाकडे, हे सगळ्यांना ठाऊक. पण मधल्या वर्षांत ती भूमिका कोणीकोणी केली याच्या ओळी भरल्याशिवाय हा प्रवास कळत नाही.

आणि 'संगीत देवबाभळी'. २०१७ च्या अखेरीस आलं, भद्रकाली प्रॉडक्शन्सचं. ही संस्था मच्छिंद्र कांबळींनी काढलेली, नाव त्यांच्या रेवंडी गावच्या देवीचं. लेखन-दिग्दर्शन प्राजक्त देशमुख, संगीत आनंद ओक. पात्रं दोनच : आवली शुभांगी सदावर्ते, रखुमाई मानसी जोशी. दोघी मंचावर जिवंत गातात, एकीचा श्वास संपतो तिथं दुसरीचा शब्द सुरू होतो. इथं नटामागे पान करून पाहा, दोन्ही पानांवर तीच ओळ येईल.

रत्नदुर्ग

ऑर्गनवादकाचं नाव पत्रकावर नसलं आणि जाणकारांनी तोंडी सांगितलं तर भरायचं का?

काळी दोन

भरायचं, चौकटी कंसात, आणि पुराव्यात 'तोंडी' लिहून. दोन जाणकारांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, आपण निवडू नका. 'अज्ञात' हा शब्द वापरू नका, तो पुढे नाव म्हणूनच चाळला जातो. जागा कोरी सोडा.

सुरंगी

तक्ता आजपासून खुला करते आहे. सुरुवात रत्नागिरी, मालवण आणि वेंगुर्ला. ज्यांच्याकडे पत्रकं आहेत त्यांनी फोटो टाकताना दोन्ही बाजूंचे टाका. मागच्या कोऱ्या बाजूवर त्या रात्रीचा हिशेब पेन्सिलीनं मांडलेला असू शकतो: पेट्रोमॅक्स, बैलगाडी, चहा, आणि तबलजींना दिलेली रक्कम. पत्रकावर न छापलेलं नाव तिथं सापडण्याची शक्यता जास्त.